एकसारखी संकेतस्थळे : नियमपुस्तिकेनंतरचे काम अधिक कठीण

मुंबई (प्रतिनिधी) - शासन एकच. मात्र दोन खात्यांची संकेतस्थळे पाहिली, तर त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे वाटत नाही. एके ठिकाणी जन्मतारीख टंकित करावयाची, दुसरीकडे ती यादीतून निवडावयाची. प्रत्येक खाते बटण, रकाने व सूचना नव्याने घडविते, आणि नागरिकाला दर वेळी नव्याने शिकावे लागते.

याची दखल घेतली गेली नाही, असे नाही. शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्येच तयार झाली. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने रंग, अक्षरे व मांडणी यांत एकरूपता आणणारी 'डिजिटल ब्रँड आयडेंटिटी मॅन्युअल' ही नियमपुस्तिका जाहीर केली. परंतु खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. ही एकरूपता वर्षानुवर्षे सांभाळावयाची कोणी?

या संदर्भात ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तेथे २०१२ मध्ये 'गव्ह डॉट यूके' हे सामायिक संकेतस्थळ सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याची 'डिझाइन सिस्टिम' खुली झाली. तीत नियमांसोबत तपासलेले, संगणकीय संहितेसह तयार घटक मिळतात. त्यासाठी स्वतंत्र पथक आहे. कोणत्याही खात्याला नवा घटक सुचविता येतो. तो उपयुक्त आणि आधीच्या घटकांहून वेगळा आहे काय, हे पाहिले जाते. विविध खात्यांच्या प्रतिनिधींचा गट अशा सूचनांची छाननी करतो. साहजिकच खात्यांना ही व्यवस्था वरून लादलेली न वाटता आपली वाटू शकते.

केवळ आदेशाने हे साधत नाही. तयार घटक वापरणे स्वतः घडविण्यापेक्षा सोपे असेल, तरच घाईत असलेला कंत्राटदार तो वापरील. त्यासाठी कायमस्वरूपी मनुष्यबळ व दरवर्षीची तरतूद लागते. कामाचे मोजमापही किती संकेतस्थळे सारखी दिसू लागली यापेक्षा किती अर्ज विनाअडथळा पूर्ण झाले, यावर व्हावयास हवे.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग ठरविला. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. दृष्टिहीन अर्जदाराच्या पडदावाचकाला बटणच सापडले नाही, तर मुदतीचे घड्याळ सुरू तरी कसे व्हावे?