फुकटची तपासणी

बाथरूमच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ दिसली की डोंबिवलीतला माणूस आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतो. मीही लावला. "तपासणी फ्री आहे काका!" माणूस आला, पाच मिनिटं टॉर्च फिरवला, आणि म्हणाला अख्ख्या घराला ट्रीटमेंट लागेल. चौकट ठोकून पोकळ वाजते का ते पाहिलं नाही. मातीची नळी जिवंत आहे की जुनी, सोडून दिलेली, हेही नाही.

अहो, औषध विकणाराच तपासायला आला तर "काही नाही" असं तो कशाला सांगेल?

शेवटी मीच नळी बोटभर मोडून ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेली! म्हणजे वाळवी होती, त्याचा अंदाज बरोबर निघाला. पण अंदाजच.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. ही वाळवी राहते जमिनीत. आमच्या दुसऱ्या मजल्यावर ती भिंतीतल्या फटींतून, पाइपांच्या डक्टमधून चढते. आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग उभ्या इमारतींसाठीच आहे. त्यात जोत्यालगत भोकं पाडून मातीत औषध सोडायला सांगितलंय. ते एका फ्लॅटवाल्याने कसं करायचं? सेक्रेटरी म्हणतात, "तुमचं घर, तुमचा खर्च." गेटच्या रंगाला मात्र सोसायटीकडे पैसे असतात!

असो. येत्या सभेत मी मागणार आहे ते एवढंच: पैसे मोजून, औषध न विकणाऱ्या माणसाकडून, तळमजल्यापासून तपासणी.