दुधीचा रस कडू लागला तर ओतून द्या! 'कडू तेच औषध' जिवावर बेतू शकतं

उन्हाळा लागला की गावागावात दुधीच्या रसाचं खूळ येतं. शुगर उतरते, वजन उतरतं, हृदय साफ होतं, असे व्हिडिओ रोज ग्रुपवर पडतात. दुधी काही वाईट नाही, मी स्वतः लावतो आणि विकतो. पण एक गोष्ट त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आमच्या घरचंच सांगतो. आप्पा म्हणजे माझे चुलते, साठीतले, शुगरवाले. मागच्या मे महिन्यात सकाळी उपाशीपोटी पेलाभर रस घेतला. वहिनींनी जिभेवर थेंब घेऊन बघितला होता. त्या म्हणाल्या, "आप्पा, लई कडू लागतोय, राहू द्या." आप्पा म्हणाले, "कडू हाय म्हणूनच औषध हाय." अर्ध्या तासात उलट्या-जुलाब लागले, नंतर उलटीत रक्त दिसलं. तालुक्याला पोचेस्तोवर बीपी पार खाली गेलेलं. तीन दिवस दवाखान्यात काढले तेव्हा माणूस घरी आला.

हे काही नवीन नाही. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. 2018 च्या जूनमध्ये पुण्यात 41 वर्षांची एक महिला दुधीचा रस प्यायल्यावर दगावली. शिकल्यासवरलेल्या माणसांचं हे झालं, तिथं आपण कुठं?

काकडी, दुधी, दोडका या वेलांत क्युकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. किडीपासून, जनावरापासून वाचायला वेल ते तयार करतो. काकडीचं टोक कापून घासायची आपली जुनी पद्धत या कडवटपणापायीच. नेहमीच्या दुधीत ते नगण्य असतं. पण कडक ऊन, पाण्याचा ताण, निकस जमीन, जून झालेलं फळ, यानं ते वाढतं. दुसरं कारण बियाणं. पंढरपूर भागातला जो भोपळा सतारीसाठी मिरजेला जातो, तोही दुधीच्याच जातीचा. असला कडू वेल बांधावर असेल आणि मधमाशीनं पराग इकडचा तिकडं केला, तर घरी धरलेल्या बियाचा पुढच्या साली भरवसा नाही. वरून फळ मात्र तसंच हिरवंगार, कोवळं. मंडईत बघून ओळखता येत नाही, शेतकऱ्यालाही नाही.

मग भाजी खाऊन कुणी फारसं आजारी पडत नाही, ते का? शिजवल्यानं कडवटपणा जातो म्हणून नव्हे, तो जात नाही. कडू भाजीचा पहिला घास माणूस थुंकतो, बस्स. रस मात्र नाक दाबून एका दमात पितो. त्यात पुदिना, आवळा, कारलं घातलं की चव झाकली जाते आणि कडू कशानं लागतंय तेच कळत नाही. एका पेल्यात अख्खा दुधी पोटात जातो, तोही उपाशीपोटी.

समितीनं सांगितलं ते सोपं आहे. रस काढायच्या आधी दुधीचा तुकडा चाखून बघा. जरा जरी कडू लागला तरी टाकून द्या. दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटात कळ आली तर ताबडतोब दवाखाना. यावर नेमका उतारा नाही, सलाईन लावून माणूस सावरावा लागतो, म्हणून ताक, लिंबूपाणी करत घरी वेळ घालवू नका. 108 ला फोन लावा आणि डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की कडू दुधीचा रस प्यायलाय. आम्ही ते सांगितलंच नव्हतं, तासभर सगळे विषबाधा कशाची तेच शोधत बसले.

आणि शुगरची गोळी? आप्पांनी रस चालू केल्यापासून ती आपल्या मनानं बंद केली होती. हे आम्हाला दवाखान्यातच कळलं. दुधीत शंभरात पंच्याण्णव भाग नुसतं पाणी असतं, ते काय गोळीचं काम करणार?

यंदा मी घरचं बी लावलं नाही, पाकिटातलं आणलं. तरी तोडणीला प्रत्येक वेलाचं एक फळ चिरून जिभेला लावतो. बाजारात गिऱ्हाईक हसतं, हसू द्या.