हवेचा पंप जोडा, पण आड पाहून



शेतकी खात्याच्या माणसाने लागण, खोडवा, खत, पाणी यांवर लिहावे. मोटारसायकलच्या चाकातल्या हवेशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण आज आपल्या कार्यक्षेत्रातला निम्मा कारभार मोटारसायकलवरच चालतो. नोंदी घेत फिरणारा शेतकी मदतनीस, तोडीची चिठ्ठी पोचवणारा स्लिप बॉय, रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला निघालेला सभासद, सारे दुचाकीवर. चाक बसले की काम बसले. तोडणी-वाहतुकीचा मेळ चुकून तोडलेला ऊस फडात वाळला, तर वजनही घटते आणि उताराही. शिवाय रात्रीच्या वेळी, दोन्ही बाजूंनी ऊस आणि बिबट्याचा वावर, अशा रस्त्यावर गाडी ढकलत येणे काय असते ते सभासदांना आम्ही सांगायला नको.

म्हणूनच गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घेण्याकडे बऱ्याच सभासदांचा कल झाला आहे. ही चांगली गोष्ट आहे. आमची तक्रार पंपाविषयी नाही, तो जोडण्याच्या पद्धतीविषयी आहे. कोणी हेडलाइटची वायर सोलून जोड देतो, कोणी हॉर्नची. कोणी हँडलवरच्या मोबाइल चार्जरमधून पंप चालवू पाहतो. गॅरेजवाला म्हणतो, "काही होत नाही, दादा." आमचे मत स्पष्ट आहे : होते, आणि फार महागात पडते.

थोडा हिशेब करू. हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपियर येतात. १२० वॅटचा पंप १२ व्होल्टवर १० अँपियर ओढतो. त्याच गाडीचा ३५ वॅटचा हेडलाइट जेमतेम ३ अँपियर घेतो. म्हणजे ज्या वायरीतून तिघे जायचे, तिच्यातून एकदम दहाजण घुसवायचे. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला घरातल्या बल्बची वायर आपण जोडतो का? मग गाडीलाच का? वायर तापते, तिचे आवरण वितळते, आणि तिच्या शेजारीच पेट्रोलची टाकी असते. मोबाइल चार्जरचे म्हणाल तर तो ५ व्होल्टवर २ अँपियर, म्हणजे फक्त १० वॅट देतो. त्यावर १२० वॅटचा पंप चालणारच नाही.

सुदैवाने बहुतेक वेळा आग लागण्याआधी फ्यूज जातो. पण खरा धोका त्यानंतर सुरू होतो. फ्यूज गेला की त्याच्या जागी जाड तार घालायची खोड आपल्याकडे जुनी आहे. घरच्या मीटरपाशी घालतो, स्टार्टरमध्ये घालतो, तशीच गाडीतही. फ्यूज हा राखणदार आहे. तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोरी व्हायचीच. फडाच्या कडेला, वाळलेल्या पाचटावर गाडी उभी आणि वायरीला ठिणगी, एवढे पुरे. जळिताच्या उसाला कपात लागते ती लागतेच, पण शेजाऱ्याचा उभा ऊस गेला तर भावकीत जे होते ते कोणत्याही कपातीने भरून निघत नाही.

आता बॅटरीकडे पाहू. आपल्याकडे सर्वांत जास्त असलेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण ३ ते ५ अँपियर-अवरची बॅटरी असते. ४ अँपियर-अवरची बॅटरी १० अँपियरने उपसली तर कागदावर २४ मिनिटे पुरेल. पण एवढ्या जोराने उपसली तर कोणतीही बॅटरी लिहिल्याइतकी वीज देत नाही, आणि गाडी सुरू करायला मागे काही राहिले पाहिजेच. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पूर्वी किक मारून किंवा ढकलून भागत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आला, गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्याच्या पेट्रोल-पंपाला आणि कॉम्प्युटरला वीज लागतेच. काही गाड्यांना तर किकच नाही. बॅटरी पार उतरली की चाकात हवा भरलेली आणि गाडी मात्र मुकी, अशी गत होते.

म्हणून पंप चालवताना इंजिन चालू ठेवावे. विहिरीला झरा असतो तसा गाडीला मॅग्नेटो. उपसा चालू असताना झराही चालू हवा. पण छोट्या गाडीचा झरा बारीक असतो, आणि एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना इंजिनाबरोबर हेडलाइटही कायम पेटलेला असतो. तेव्हा झऱ्याच्या भरवशावर तासभर उपसा करू नये. साडेतीनशे सीसीच्या मोठ्या गाड्यांना ८ अँपियर-अवरच्या आसपास बॅटरी असते, त्यांना हे जास्त झेपते. अंथरूण पाहून पाय पसरावे, दुसरे काय!

पंप जोडायचाच असेल तर आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. बॅटरीपासून थेट, स्वतंत्र, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. अधिक टोकापासून वीतभराच्या आत १५ अँपियरचा फ्यूज बसवावा. दूर बसवला तर मधली वायर उघड्यावर पडते. वायरीच्या दुसऱ्या टोकाला झाकणाचा प्लग लावून तो सीटखाली ठेवावा, म्हणजे दर वेळी चिमटे लावायची गरज राहत नाही आणि लाल-काळ्याची उलटापालट होत नाही. काम करताना आधी उणे टोक सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पान्हा चासीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. वायर सायलेन्सरपासून आणि हँडल वळते तिथून लांब न्यावी. गाडी मोकळ्या रस्त्यावर घ्यावी, पाचटावर नको. चाकात किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तकात आणि बहुधा चेनकव्हरच्या आसपास चिकटवलेल्या कागदावर असते. अंदाजाने भरू नये.

आणखी दोन गोष्टी. ट्यूबच्या चाकात खिळा गेला असेल तर नुसत्या पंपाने काही साधत नाही, भरलेली हवा भोकातून जाते. तिथे ट्यूब काढून ठिगळ लावावेच लागते. ट्यूबलेस चाकाला मात्र दोरीची पट्टी आणि पंप एवढे पुरते. आणि हा पंप ट्रॉलीच्या किंवा टायरगाडीच्या चाकाला लावू नये. ते चाक भरेपर्यंत पंपाची मोटार जळते. बहुतेक पंपांच्या पुस्तिकेत थोडा वेळ चालवून थंड होऊ द्या असे लिहिलेले असते, ते वाचावे.

आमचे मत एका वाक्यात सांगायचे तर, ज्याची गाडी छोटी आणि बॅटरी जुनी, त्याने आधी पायपंप घ्यावा. त्याला ना वायर, ना फ्यूज, ना बॅटरी. पाय दुखतील, पण गाडी सुरू होईल. ज्याला विजेचा पंप हवा, त्याने वर सांगितल्याप्रमाणे जोडावा, नाहीतर स्वतःची बॅटरी असलेला पंप घेऊन तो घरी चार्ज करावा. दोन्ही नको आणि फुकटची वायर हवी, हे मात्र होणे नाही.

प्रत्येक गट ऑफिसात हंगामापुरता एक पायपंप व ट्यूबलेसचे सामान असावे, आणि गाळप सुरू होण्यापूर्वी कारखान्याच्या वाहन विभागातील वायरमनकडून सभासदांच्या गाड्यांची वायरिंग एक दिवस तपासून मिळावी, असे आम्हांस वाटते. खर्च थोडा आहे. संचालक मंडळाने विचार करावा, आणि सभासदांनीही आपापल्या गटात हा विषय काढावा. उसाला काडी लागण्याची कारणे आधीच थोडी नाहीत. आपल्या हाताने त्यांत एकाची भर नको.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी