विश्लेषण : बिल थकले अन् अंतराळात युद्ध पेटले… ऑनलाइन गेममधील सत्ताकारण चालते कसे?

जानेवारी २०१४ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ या गेममधील एका ताराप्रणालीच्या मालकीचे बिल वेळेत भरले गेले नाही. तिथे एका बड्या आघाडीच्या युद्धनौकांचा तळ होता. बिल थकताच मालकी सुटली, शत्रूच्या ते ध्यानात आले आणि पुढचे सुमारे २१ तास साडेसात हजारांहून अधिक खेळाडू एकमेकांवर तुटून पडले. ‘टायटन’ वर्गातील ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. खऱ्या पैशांत मोजले तर नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात गेले. त्या वेळी जगभरच्या बातम्यांत याच आकड्याची चर्चा झाली. पण एवढ्या फौजेचा घात एका न भरलेल्या बिलाने व्हावा, ही गोष्ट त्या आकड्याहून जास्त सांगणारी आहे.

हा गेम वेगळा कसा?

आइसलँडमधील सीसीपी गेम्स या कंपनीने २००३ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ सुरू केला. बहुतेक गेममध्ये खेळाडू वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरलेले असतात. इथे चीनचा स्वतंत्र सर्व्हर सोडला तर सारे एकाच विश्वात असतात. या विश्वात सात हजारांहून अधिक ताराप्रणाली आहेत. मधल्या भागात गेमचे स्वतःचे पोलीस आहेत. बाहेरच्या भागात कायदा नाही. ज्याच्या हाती बळ, त्याची जमीन. कंपनी अंतराळ देते, खनिजे देते, जहाजांचे नियम ठरवते. करवसुली, फौज, हेरखाते आणि तह खेळाडूंनीच उभे करायचे.

शिवाय गेमच्या आत दगाबाजीला मुभा आहे. सहकाऱ्यांची तिजोरी लुटली, दिलेला शब्द मोडला, तरी कंपनी मध्ये पडत नाही.

मग तह पाळतो कोण?

दाद मागायला न्यायालय नाही. प्रत्येक आघाडीकडे एक यादी असते. त्यात मित्र निळे, शत्रू लाल. मोठ्या आघाड्या आपसांत अनाक्रमणाचे करार करतात. छोटे गट त्यांच्या हद्दीत खाणकाम करण्यासाठी भाडे भरतात. या भाडेकरूंची स्थिती चौथाई देणाऱ्या मुलखासारखी असते. पैसे वेळेवर पोहोचले तर हल्ला होत नाही, एवढेच काय ते संरक्षण.

तरीही बरेच तह टिकतात, कारण विश्व एकच आहे. आज ज्याला फसवले तो उद्या शेजारी असू शकतो आणि फसवणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच इथे वकिली करणाऱ्या माणसांना मोल आहे. ‘गूनस्वॉर्म’ या आघाडीचा ‘व्हाइल रॅट’ नावाने ओळखला जाणारा खेळाडू अशा वाटाघाटींसाठी प्रसिद्ध होता. खऱ्या आयुष्यात तो शॉन स्मिथ, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील माहिती व्यवस्थापन अधिकारी. नोकरीत त्याचे काम संगणक आणि संपर्क यंत्रणेचे. राजदूतासारखी बोलणी तो करायचा ती गेममध्ये. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकी कचेरीवर झालेल्या हल्ल्यात तो मारला गेला. त्यानंतर गेममधील अनेक अंतराळ स्थानकांना त्याचे नाव दिले गेले आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांत त्याचे शत्रूही होते. हे सारे ‘पोरखेळ’ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एवढा प्रसंग तरी ध्यानात ठेवावा.

सत्ता नेमकी कोणाच्या हाती?

सेनापतीच्या हाती, असे वाटते. प्रत्यक्षात ती असते ज्याच्याकडे अधिकाराचे बटण आहे त्याच्याकडे. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही एके काळची सर्वांत दरारा असलेली आघाडी. गूनस्वॉर्म आणि तिचे मित्र तिच्याशी वर्षानुवर्षे लढत होते. फेब्रुवारी २००९ मध्ये तिचाच एक नाराज संचालक शत्रूला जाऊन मिळाला. आघाडी विसर्जित करण्याचा अधिकार त्याच्या खात्याला होता. त्याने तो वापरला आणि आघाडी कागदोपत्री संपली. मुलखावरचा हक्क गेला. कहर म्हणजे ते नावही गूनस्वॉर्मने स्वतःकडे घेतले, त्यामुळे जुन्या मंडळींना दुसऱ्या नावाने संसार मांडावा लागला. मूळ नाव कोणाकडे राहणार, या प्रश्नाचे राजकीय वजन महाराष्ट्रात वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही!

फंदफितुरीची ही परंपरा पुढेही चालू राहिली. २०१७ मध्ये एका आघाडीच्या मुत्सद्द्यानेच आपल्या लोकांचा मुख्य गड शत्रूच्या हवाली केला. संतापलेल्या प्रमुखाने त्या खेळाडूला प्रत्यक्षात इजा करण्याची भाषा केली, तेव्हा कंपनीने त्या प्रमुखावर कायमची बंदी घातली. गड विकणाऱ्याला शिक्षा नाही, धमकी देणाऱ्याला आहे. हा न्याय विचित्र वाटला तरी आमच्या मते योग्यच आहे. विश्वासघात हा खेळाचा भाग मानून लोक आत येतात. हातपाय तोडण्याची धमकी मान्य करून कोणी येत नाही.

कंपनीही निष्कलंक नाही. तिच्याच एका कर्मचाऱ्याने बँड ऑफ ब्रदर्सच्या गोटाला मौल्यवान आराखडे मिळवून दिल्याचे २००७ मध्ये उघड झाले. पंचच एका संघाचा निघाला म्हटल्यावर गदारोळ झाला. कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवणारा अंतर्गत विभाग नेमला गेला आणि २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेली सल्लागार परिषद आली.

युद्ध संपते केव्हा?

शत्रू कंटाळतो तेव्हा. २०२० च्या जुलैमध्ये अनेक आघाड्यांनी एकत्र येऊन गूनस्वॉर्मच्या गटावर चढाई केली. वर्षाखेरीस एकाच चकमकीत अडीचशेहून अधिक टायटन पडली. इतकी गर्दी झाली की सर्व्हर गेममधील काळच मंद करतो. मिनिटभराच्या हालचालीला दहा मिनिटे लागतात. नोकरी, झोप, मुलांचे अभ्यास सांभाळून रात्री तीनला हजेरी लावायची ती कितीदा? चढाई करणारे संख्येने जास्त होते, पण शेवटच्या गडापाशी अडकले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये माघारी फिरले. लोकांना पुन्हा पुन्हा लॉगिन करायला लावणे, हे इथल्या नेत्याचे खरे कौशल्य.

मोबाइलवर याचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो खिशाशी आहे. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’सारख्या गेममुळे क्लॅन, क्लॅनचा लीडर, त्याने काढून टाकणे हे शब्द आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. मोबाइलवरील अनेक युद्धनीतीच्या गेममध्ये बळ थेट पैशाने विकत मिळते. तिथे आघाडीची निष्ठा हेच विक्रीचे साधन होते. ‘माझ्यासाठी’ शंभर रुपये न घालवणारा माणूस ‘आपल्या माणसांसाठी’ हजार घालवतो, कारण हरलो तर सगळ्यांसमोर आपण कमी पडलेले दिसतो. भारताच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. इथे जिंकायला पैसे नसतातच. असते ती गटातली पत. आपला मुलगा किती वेळ खेळतो हे पालक विचारतात. तो कोणत्या गटात आहे, गटाचा प्रमुख कोण आणि तो काय मागतो, हे सहसा विचारले जात नाही. महिन्याच्या हिशेबात ही सारी निष्ठा ‘अ‍ॅपमधील खरेदी’ एवढ्याच नावाने दिसते.