ताटात काय आहे ते वाढप्याला विचारा

कापूसवाल्याला विचारले, बाबा तू काय पिकवतोस, तर तो सांगतो कापूस. आपण जगाला कपडा पुरवतो असे त्याच्या मनात असते. वजनाचा हिशेब मात्र निराळा आहे. एक क्विंटल कापूस जिनात गेला की ३४ किलोच्या आसपास रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी. राहिलेली घट. म्हणजे आपल्या गाडीतला जवळजवळ दोन तृतीयांश माल अंगावर घालायचा नव्हेच, पोटात जायचा आहे. त्या सरकीतून तेलगिरणीत साडेसहा-सात किलो तेल निघते आणि ५० ते ५५ किलो पेंड. तेल शुद्ध होऊन कढईत जाते. पेंड म्हशीच्या पोटातून दूध होऊन बाहेर येते. कापसाचा भाव लावताना व्यापारी रुई आणि सरकी दोन्हींकडे बघतो. "आज सरकी तुटली" म्हणून त्याने क्विंटलमागे दोनशे रुपये कमी केले, तर ती खरोखर तुटली का आणि कशाने तुटली, हे तपासायला आपल्याजवळ काहीही नसते.

आपली नजर बाजार समितीच्या फाटकापर्यंत पोचते. फार तर जिनापर्यंत. पुढे गिरणीवाला, ठोकवाला, किरकोळवाला असे करत माल कुठल्या ताटात जाऊन पडतो, ते आपल्याला दिसत नाही. खाणाऱ्यालाही दिसत नाही. या साखळीच्या पार दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो, आणि त्याला दोन्ही बाजूंचे थोडेथोडे दिसते. तो म्हणजे हॉटेलातला कामगार. तेलाचा पंधरा किलोचा डबा तोच फोडतो. पिठाचे पोते तोच उघडतो. ताटात उरलेले तोच मोरीवर खरवडतो. आणि हा कोण, तर बहुतेक वेळा आपलाच पोरगा. कोरडवाहू तीन एकरांत दोन भावांचे भागत नाही म्हणून बीड, जालना, बुलढाणा, यवतमाळकडून पुण्या-मुंबईला गेलेला. घरी आला की आपण त्याला पगार विचारतो, लग्नाचे विचारतो. हॉटेलात तेल कोणते वापरतात हे कुणी विचारत नाही. आमच्या मते शेतीमालाच्या बाजाराची एवढी मोठी माहिती आपल्या घरात येऊन जेवून परत जाते, आणि आपण ती घेत नाही.

तो काय जाणतो ते जरा सविस्तर पाहू.

पहिली कढई. भट्टीवर उभा राहणाऱ्याला डब्यावरचे नाव ठाऊक असते: पामोलीन, सोयाबीन, सरकी की वनस्पती. नाव झाकलेले असले तरी त्याचे नाक सांगते. शुद्ध केलेल्या सरकी तेलाला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि ते बऱ्यापैकी तापवल्याखेरीज धुरावत नाही, म्हणून तळणाला ते चांगले. गुजरातेत तर फरसाण म्हटले की कपासिया तेल. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते, ते शुद्धीकरणात काढून टाकतात. म्हणून कच्चे तेल खाऊ नये, शुद्ध केलेल्याला भिण्याचे कारण नाही. तीच कढई चौथ्या-पाचव्या दिवशीही चढली असेल तर तेल काळे पडते, चिकट होते, घाणा टाकला की फेस वर येऊन लवकर बसत नाही. हे भट्टीवाला लांबून ओळखतो. सरकारने १ जुलै २०१८ पासून नियम केला की वारंवार तापवलेल्या तेलात निर्माण होणारी बिघडलेली द्रव्ये (शास्त्रात त्यांना ध्रुवीय संयुगे म्हणतात) २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. ते मोजायचे यंत्र असते. भट्टीवाल्याला यंत्राची गरज नाही. त्याला तेल बदलण्याचा अधिकार नाही, एवढेच.

इथे एक गंमत सांगून टाकू. आपल्याकडचा कापूस बहुतेक सगळा बीटी आहे. २००२ साली परवानगी मिळाली तेव्हापासून शहरात जनुकबदल केलेले अन्न नको म्हणून परिसंवाद भरतात, आणि परिसंवादाच्या मधल्या सुट्टीत चहाबरोबर फरसाण येते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, तेव्हा खाणाऱ्याने घाबरू नये असेच आम्ही म्हणू. पण बशी भरणाऱ्या पोराला जे ठाऊक आहे ते व्यासपीठावरच्या वक्त्याला नाही, हे तरी खरे.

दुसरी भाकरी. महामार्गावर दर दोन किलोमीटरला पाटी दिसते, चुलीवरची भाकरी, गावरान जेवण. पाटीवर चूल असते, मागे शेगडी असते. त्याबद्दल आमची तक्रार नाही, सरपण आणणाऱ्या बाईचे डोळे तरी वाचले. प्रश्न पिठाचा आहे. भाकरी थापणारी बाई पिठात हात घालताच सांगते ज्वारी कोणती, दळण कधीचे. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नाही, म्हणून पीठ ताजे लागते आणि पाणी कढत. पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेने चिरते, तव्यावर टाकताना तुटते. घरी आपण हसून सोडून देऊ. हॉटेलात शंभर ताटे खोळंबतात. मग काही ठिकाणी त्यात गव्हाचे पीठ मिसळतात. भाकरी पातळ होते, मऊ राहते, तुटत नाही, गिऱ्हाईक खूष. आता हे पाहा: गव्हातला हा चिकटा, म्हणजे ग्लूटेन, काही माणसांच्या आतड्याला सहन होत नाही. सिलिॲक नावाचा विकार आहे, त्याला औषध म्हणजे गहू आयुष्यभर वर्ज्य. असा माणूस हॉटेलात जाऊन मुद्दाम ज्वारीची भाकरी मागतो, जादा पैसे मोजतो, आणि मिसळलेली खाऊन आजारी पडतो. नाव जाते ज्वारीचे. भाकरीत काय होते हे थापणाऱ्या बाईला ठाऊक होते, पण ती आत आणि गिऱ्हाईक बाहेर.

आम्हाला शेतकी महाविद्यालयात ज्वारीची हेक्टरी क्विंटले मोजायला शिकवले. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित वाण आले, पुढे त्याच जातीची आणखी आली, उत्पन्न वाढले यात शंका नाही. पण खरिपाच्या शेवटी पाऊस आला की कणसावरच दाणा काळा पडतो, आणि काळ्या दाण्याला भाकरीचे गिऱ्हाईक नाही. तो कोंबड्यांच्या खाद्याला नाही तर दारूच्या कारखान्याला. भाकरीची ज्वारी म्हणून आजही नाव निघते ते मालदांडीचे, जी १९३०च्या दशकात मोहोळला निवडली गेली. थापणाऱ्या बाईचे मत त्या वेळी कुणी चाचणीच्या वहीत लिहिले असते तर बरेच आधी कळले असते. महाराष्ट्रात ज्वारीखाली एकेकाळी साठ लाख हेक्टरांच्या वर जमीन होती. आज त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, सरकारने ज्वारी-बाजरीला श्रीअन्न असे नाव दिले, आणि मोठ्या हॉटेलांच्या यादीत ज्वारी चढली. आपल्या खिशात काय चढले? २०२५-२६ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये, मालदांडीचा ३७४९. तो हातात पडला असे धरले, तरी किलोला ३७ रुपये. हॉटेलची मोठी भाकरी शंभर ग्रॅम पिठाची धरा, किलोत दहा. म्हणजे एका भाकरीत आपली ज्वारी पावणेचार रुपयांची. शहरात त्या भाकरीचे वीस-तीस रुपये घेतात. मधले सगळे लुटीचे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. गॅस आहे, भाडे आहे, पंख्याखाली बसवण्याचे पैसे आहेत, थापणाऱ्या बाईची मजुरीही आहे, भले ती तुटपुंजी असो. पण गिऱ्हाईक तीस रुपये द्यायला तयार आहे हे आपल्याला बाजार समितीत कुणी सांगत नाही. तिथे ऐकू येते ते एवढेच की ज्वारी आता कोण खातो.

तिसरे पनीर. यात आपला काय संबंध, असे कापूसवाला म्हणेल. संबंध आहे. दुधाऐवजी वनस्पती तेल, पिठूळ आणि दूधपावडर यांपासून पनीरसारखी वडी करतात. बंदी असलेली ती वस्तू नाही. तिला पनीर म्हणून विकणे मात्र गैर आहे. खोक्यावर खरे नाव असते, आणि खोके हॉटेलच्या मागच्या दारी फोडले जाते. पुढच्या टेबलावर जाते ते पनीर टिक्का होऊन. आता साखळी उलटी चालवा. म्हशीच्या दुधाची जागा परदेशातून आलेल्या पाम तेलाने घेतली की दुधाची मागणी तितकी घटली. दूध घटले की गवळी पेंड कमी घेतो. पेंड पडून राहिली की गिरणीवाला सरकीचा भाव पाडतो, आणि सरकी तुटली की कापूस तुटला. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. मे २०२५ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरअखेर कापसाची आयात शुल्कमुक्त केली गेली. रुईवर एक घाव, सरकीवर दुसरा. दुसऱ्या घावाची चर्चा आपल्या सभांतून झाली नाही, कारण सरकी हे खाणे आहे हेच आपण धरत नाही.

मग हा पोरगा बोलत का नाही? गिऱ्हाईक विचारते, "पनीर ताजे आहे ना?" तो म्हणतो, "एकदम फ्रेश साहेब." दुसरे काय म्हणेल? झोपायला जागा त्याच हॉटेलच्या माळ्यावर, जेवण तिथेच, पगार मालकाच्या मर्जीवर. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गुन्हा उघडकीस आणायला मदत करणाऱ्याला बक्षीस देण्याची तरतूद आहे. बक्षीस घेऊन दुसऱ्या हॉटेलात नोकरी मागायला कसे जायचे, हे कायदा सांगत नाही.

आता मागणी काय करायची, यावर कार्यकर्त्यांत दोन मते आहेत. काही म्हणतात धाडी घाला, कडक तपासणी करा. आम्हाला हे पटत नाही. तपासनीस वाढवला की हप्ता वाढतो, हे शेतकऱ्याला शिकवायला नको; बियाणे, खते, औषधे सगळीकडे आपण पाहिले आहे. आणि त्या धाडीत पहिली सापडते ती एस.टी. स्टँडजवळची आपल्याच गावच्या बाईची खानावळ, मोठे हॉटेल नव्हे. पाम तेलावर बंदी घाला असेही आम्ही म्हणणार नाही. ज्याला स्वस्त खायचे त्याने खावे. आमचे म्हणणे एवढेच की नाव लिहा. तेल कोणते, भाकरीचे पीठ कशाचे, पनीर दुधाचे की तेलाचे. दहा किंवा अधिक शाखांच्या साखळी हॉटेलांना २०२० च्या नियमांप्रमाणे पदार्थापुढे उष्मांक छापावे लागतात. उष्मांक मोजता येतात तर डब्यावरचे नाव वाचून लिहिता येईल. खानावळीला छापील यादीची सक्ती नको, फळ्यावर खडूने लिहिले तरी चालेल. आणि गिऱ्हाइकाने विचारले तर खरे सांगितल्याबद्दल कामगाराला काढता येणार नाही, हे त्यासोबतच मागितले पाहिजे. कामगाराचे संरक्षण नसेल तर फळ्यावरही "फ्रेश" एवढेच लिहिले जाईल.

काही जण विचारतील, खरे नाव लिहिले आणि गिऱ्हाइकाने सरकीचे तेल बघून नाक मुरडले तर? मुरडू द्या. आज त्याला सरकीचे नावच ठाऊक नाही, म्हणून मागणी करण्याचाही प्रश्न येत नाही. नाव समोर आले तर ते चांगले कसे हे सांगायला निदान जागा मिळेल.

जिल्हा बैठकीत हा विषय घ्यायचा आहे. त्याआधी प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने एक काम करावे. आपल्या गावची पोरे, सुना, भाचे-पुतणे कोण कोणत्या शहरात हॉटेलात, मेसमध्ये, लग्नाच्या आचाऱ्याकडे कामाला आहेत त्यांची यादी करावी. ती सणाला घरी आली की निवांत बसून विचारावे: महिन्याला तेलाचे किती डबे लागतात आणि कोणते, डब्याचा भाव गेल्या सहा महिन्यांत कसा हलला, ज्वारीचे पीठ कुठून येते आणि किलोला काय पडते, भाकऱ्या किती जातात, वाढत आहेत की घटत आहेत, पनीर खोक्यातले की डेअरीचे, ताटात काय उरते. माणसाचे नाव वहीत लिहू नये आणि हॉटेलचेही लिहू नये. शहर आणि महिना पुरे. पोराची नोकरी आपल्या वहीपायी जाता कामा नये. भाकरी करणाऱ्या बाया कुणाच्या ओळखीच्या असतील तर त्यांना बैठकीलाच घेऊन यावे, येण्याजाण्याचा खर्च जिल्हा शाखा देईल. येताना आपापल्या शेतातली दोन किलो ज्वारी, वाणाचे नाव लिहून, सोबत आणावी. दळण तिथेच होईल, आणि भाव कोणत्या ज्वारीला मागायचा हे त्या बाया थापून सांगतील.