उंदराचे ‘औषध’ आणण्यापूर्वी

घरात उंदीर दिसला की आपण दुकानात जाऊन ‘उंदराचे औषध’ मागतो. ते औषध नाही, विष आहे. माझे स्पष्ट मत आहे, की लहान मुले असलेल्या घरात ते आणूच नये.

ट्यूबमधल्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ही पेस्ट टोमॅटोला किंवा भज्याला लावून ओट्याखाली ठेवतात, म्हणजे नेमकी मुलाच्या हाताला येईल अशी. ती पोटात गेल्यास आधी उलट्या, पोटदुखी होते. मग एक-दोन दिवस बरे वाटते, पण आत यकृताला इजा होतच असते. त्यानंतर कावीळ आणि रक्तस्राव. या विषावर उतारा नाही. म्हणून नुसती शंका आली तरी, त्रास नसला तरी, ट्यूब सोबत घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जा. घरी उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका.

उंदरांकडे दुर्लक्ष करा, असे मी म्हणत नाही. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. पण विषाने उंदीर मरतो, त्याची वाट तशीच राहते.

आधी ती वाट शोधा. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या असतील तर लहान उंदीर, त्याहून बऱ्याच मोठ्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस. भिंतीच्या कडेला तेलकट काळे डाग म्हणजे त्यांचा रोजचा रस्ता. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फटही पुरते. फटीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावा, मोरीला जाळी आणि दाराखाली पत्र्याची पट्टी बसवा. रात्री खरकटे, कचरा उघडा ठेवू नका. पिंजरा किंवा चाप भिंतीलगत लावा. लेंड्या कोरड्या झाडू नका; हातमोजे घालून, ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवून पुसा.

दुकानदारांनी पोती भिंतीपासून वीतभर दूर, फळ्यांवर ठेवावीत. मालाजवळ सुटे विष कधीच ठेवू नये. गोदाम मोठे असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा आणि त्यांच्याकडे कुलूपबंद आमिषपेट्यांचाच आग्रह धरा. ते विष ग्राहकांच्या पिठात, डाळीत मिसळता कामा नये.