वर कोमट, खाली गार



यंदा मे महिन्यात कॅसलरॉकला जाणं झालं. गाव कर्नाटकातलं, घाट उतरला की गोवा. तिथल्या एका विहिरीत मनसोक्त डुंबून आल्यावर भाच्याने विचारलं, "मावशी, पाणी वर कोमट आणि पायाशी एकदम गार, असं कसं?"

उत्तर पाण्याच्या वजनात आहे. कोमट पाणी हलकं, म्हणून वर राहतं. गार पाणी जड, म्हणून तळाशी बसतं. ऊन तापवतं ते मुख्यतः वरच्या थराला, आणि हे दोन थर एकमेकांत सहजी मिसळत नाहीत. विहिरीत ही गंमत काही फुटांची असते. धरणात ती फार मोठी होते.

कॅसलरॉक ज्या जोयडा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात गणेशगुडीला काळी नदीवर सुपा धरण आहे. उंची १०१ मीटर, काम पूर्ण झालं १९८७ मध्ये. जुनं सुपा गाव त्याच पाण्याखाली गेलं. अशा खोल जलाशयात वरच्या थराला हवेतून प्राणवायू मिळत राहतो. तळाला मात्र तो वरचं पाणी खाली उतरलं तरच मिळतो. तळाशी पालापाचोळा कुजत असतो, त्यात असलेला साठा संपत जातो. थंडीत वरचं पाणी गार होतं, जड होऊन खाली जातं, आणि तळाला पुन्हा प्राणवायू पोचतो. थोडक्यात, खोल तलाव वर्षातून एकदा दीर्घ श्वास घेतो.

हवामान तापलं की अडचण होते ती इथे. वरचा थर लवकर तापतो, जास्त दिवस तापलेला राहतो आणि तळावर झाकणासारखा बसतो. थंडी सौम्य असली तर हे झाकण नीट उघडतही नाही. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास.

जगभरातल्या २३५ तलावांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८५ ते २००९ या काळात त्यांचं उन्हाळ्यातलं वरचं पाणी दर दहा वर्षांना सरासरी ०.३४ अंशाने तापलं होतं. तुमच्यापैकी काहींचे नातेवाईक अमेरिकेत किंवा कॅनडात असतील, त्यांना सुपीरियर सरोवर ठाऊक असेल. १९७९ ते २००६ मध्ये ते आसपासच्या हवेच्या जवळपास दुप्पट वेगाने तापलं, कारण हिवाळ्यातला बर्फ कमी झाला आणि पाणी लवकर ऊन खाऊ लागलं.

आकडा लहान वाटतो, पण परिणाम तळाशी दिसतो. समशीतोष्ण भागातल्या ३९३ तलावांच्या २०२१ मधल्या अभ्यासात १९८० पासून वरच्या पाण्यातला प्राणवायू ५.५ टक्क्यांनी घटलेला आढळला. खोल पाण्यातला तब्बल १८.६ टक्क्यांनी. तळ गुदमरला की गार पाण्यात राहणाऱ्या माशांना जागा उरत नाही. गाळात अडकलेलं फॉस्फरस सुटतं, त्यावर शेवाळ माजतं. ते मरून खाली गेलं की कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. म्हणून तलावाची तब्येत नुसतं वरचं पाणी पाहून कळत नाही.

मुलांनो, सुट्टीत एक काम करून पाहा. गावाकडची विहीर किंवा घराजवळचा तलाव निवडा. एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि काठावरूनच करा. दर रविवारी एकाच जागी, एकाच वेळी, दोरीला बांधलेला साधा तापमापक पाण्यात सोडा. वजन बांधलेल्या बाटलीचं बूच दुसऱ्या दोरीने खाली गेल्यावर ओढलं, तर खोलवरचं पाणीही वर काढता येतं. लगेच मोजा, तारीख घालून वहीत लिहा. पहिल्या वर्षी फक्त ऋतू दिसतील. दहा वर्षं टिकली तर मात्र त्या वहीत तुमच्या गावच्या पाण्याचा बदल दिसू लागेल, आणि तो दुसऱ्या कुणाच्या वहीत सापडणार नाही.